जपणुकीच्या नांवाखालीं

परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड अशा गांवांतील एखाद्या जुन्या घरीं पाहुणा म्हणून जाऊन बसलें, कीं बैठकीच्या भिंतीवर बहुधा तीन वस्तु दृष्टीस पडतात. पहिली, पागोट्यांतील किंवा काळ्या टोपींतील पूर्वजाची तसबीर. दुसरी, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त १९७२ सालीं सरकारनें स्वातंत्र्यसैनिकांस दिलेलें ताम्रपत्र. तिसरी म्हणजे निजामी अमदानींतील एखादा कागद, एखादी उस्मानिया नोट किंवा तुरुंगांतून आलेलें पत्र. १७ सप्टेंबर जवळ आला कीं या वस्तूंवरील धूळ झटकली जाते, ताम्रपत्र घासून लखलखीत होतें, आणि मुक्तिदिनाच्या सकाळीं त्यांस हार चढतात. घरच्या मंडळींचा यामागील भाव निर्मळ असतो, याविषयीं मला यत्किंचितही शंका नाहीं. माझें भांडण त्या भावाशीं नाहीं. ज्या कृतीस आम्ही 'जपून ठेवणें' असें म्हणतों, त्या कृतीशीं आहे. वाळवी, कसर आणि गळकें माळवद हे या वस्तूंचे जुने शत्रु खरेच. परंतु त्यांच्या पंक्तींत आतां आमची माया येऊन बसली आहे, आणि ती सर्वांत चपळ आहे.

दुसऱ्यांस दोष देण्यापूर्वीं स्वतःचें पाप सांगतों. माझे चुलत आजोबा १९३८ च्या सत्याग्रहांत तुरुंगांत गेले होते. तेथून त्यांनीं घरीं धाडलेलीं चार-पांच कार्डें एका पत्र्याच्या ट्रंकेंत पडून होतीं. त्यांतील एक मीं उत्साहाच्या भरांत एका दुकानीं नेऊन दिलें. 'लॅमिनेशन करा, म्हणजे शंभर वर्षें चिंता नको', हें वाक्य मीं इतक्यांदा ऐकलें होतें कीं त्याविषयीं विचार करण्याची गरजच भासली नाहीं. दुकानदारानें कार्ड जाड फळीवर चिकटविलें, त्यावर प्लास्टिकचा पापुद्रा तापवून बसविला, आणि चौकटींत नीट बसावें म्हणून कडा छाटल्या. छाटलेल्या कडेबरोबर तुरुंगाच्या शिक्क्याचा निम्मा भाग व तारीख गेली. पत्त्याची बाजू फळीला कायमची चिकटली. हैदराबाद संस्थानचें टपालखातें १९५० पर्यंत स्वतंत्र होतें; त्या खात्याची छापील मुद्रा त्याच बाजूस होती. ती आतां कोणासही दिसणार नाहीं. समोरून मात्र कार्ड असें चकाकतें कीं पाहणारा वाहवा करतो!

या चकाकीचें रहस्य समजून घ्यावें. त्या प्लास्टिकच्या आंतल्या अंगास उष्णतेनें वितळणारा चिकट थर असतो. शंभर अंशांहून अधिक तापमानांत तो कागदाच्या तंतूंत शिरतो आणि थंड झाल्यावर तंतूंशीं एकजीव होतो. पुढें कोणी कितीही कुशल माणूस आला, तरी कागद फाडल्यावांचून तो त्यास वेगळा करतां येत नाहीं. त्यांतून जुन्या स्वस्त कागदांत आम्ल असतेंच. तेंही आंतच कोंडलें जातें व आपलें काम शांतपणें करीत राहतें. बाहेरचें पाणी थोपविलें जातें, हें मी मान्य करतों. पण घरांत चोर येऊं नये म्हणून आंतल्या चोरासह दार बंद करून घेण्यासारखेंच हें झालें.

येथें कोणी विचारील, कीं दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांतही कागदांस लॅमिनेशन करीत, त्याचें काय? प्रश्न रास्त आहे. परंतु तेथील पद्धति निराळी होती. सेल्युलोज ॲसिटेटचा पातळ पापुद्रा आणि तलम कागद ॲसिटोनच्या साहाय्यानें हातानें बसवीत. उष्णता नाहीं, यंत्राचा दाब नाहीं, आणि पुढें गरज पडल्यास ॲसिटोननेंच तो पापुद्रा सोडवितां येई. सारें मर्म या शेवटच्या वाक्यांत आहे. जी जपणूक पुढच्या पिढीस मोडतां येत नाहीं, ती आजच्या अज्ञानावर कायमची मोहर उठविते. आमच्याच मराठवाड्यांत याचा मोठा दाखला घडला आहे. अजिंठ्याचीं चित्रें वाचविण्यासाठीं निजाम सरकारनें १९२० च्या सुमारास इटलीहून दोन तज्ज्ञ आणविले. सुटूं लागलेले रंगाचे पोपडे त्यांनीं भिंतीस पक्के बसविले, हें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. परंतु त्यांनीं वर दिलेलें लाखेचें रोगण पुढें पिवळें पडून काळवंडलें, आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांस तें उतरविण्यांत वर्षानुवर्षें खर्चावीं लागलीं. एवढ्या मोठ्या दरबाराच्या तज्ज्ञांची जेथें चूक होते, तेथें आमची काय कथा! मात्र लाखेचें रोगण निदान उतरवितां तरी आलें.

चौकटीविषयींही थोडें बोललें पाहिजे. छायाचित्र थेट कांचेला भिडवून बसविण्याची रीत सर्वत्र आहे. पावसाळ्याच्या दमट हवेंत छायाचित्रावरील जिलेटिनचा थर फुगतो व कांचेस चिकटतो. मग कांच काढतांना आजीचा अर्धा चेहरा कांचेबरोबर येतो. मध्यें खिडकी कापलेल्या पुठ्ठ्याची चौकट घातली, तर हें संकट टळतें. पण पाठीमागें वर्तमानपत्राची घडी किंवा पेंढ्याचा पिवळा पुठ्ठा घालतात, त्यांतील आम्ल चित्रांत उतरतें. ओल येणारी बाहेरची भिंत आणि दुपारचें ऊन येणाऱ्या खिडकीसमोरची जागा या दोन्ही वर्ज्य मानाव्यात. परभणीच्या उन्हाळ्याविषयीं परभणीकरांस मी काय सांगावें? प्रकाशानें उडालेली शाई सावलींत नेल्यानें परत येत नाहीं. ताम्रपत्राची गोष्ट तर हास्यास्पद आहे. तांब्यावर चढणारी तपकिरी झांक म्हणजे मळ नव्हे, तें त्याचें कवच आहे. चिंचेनें घासलें कीं तें कवच जातें, आणि दर खेपेस अक्षरांची धारही थोडी जाते. राष्ट्रकूटांचे ताम्रपट हजार वर्षांनंतरही वाचतां येतात. त्यांस दरवर्षीं चिंच लावणारें कोणी नव्हतें, हें त्यांचें भाग्यच म्हणावयाचें.

पण हे सारे दोष हस्तकौशल्याचे आहेत, ते सुधारतां येतील. मला अधिक सलतो तो चौकटीनें येणारा मनाचा सुस्तपणा. एक कागद भिंतीवर चढला कीं घरास वाटतें, आपलें ऋण फिटलें. उरलेली ट्रंक मग अडगळ ठरते. निजामी राजवटींत दफ्तराची भाषा उर्दू होती. शाळेचे दाखले, जमिनीचे कागद, कचेरींतील अर्ज सारें त्या लिपींत. आजच्या मुलांस तें वाचतां येत नाहीं, आणि जें वाचतां येत नाहीं तें रद्दींत जातें. माझ्या आजोबांचीं बाकीचीं कार्डें अशींच गेलीं. 'चांगलें होतें तें फ्रेम केलें ना?' असें मला घरांतूनच उत्तर मिळालें. राजवाडे गांवोगांव हिंडून लोकांच्या माळ्यांवरचे कागद धुंडीत होते. पहिला खंड त्यांनीं १८९८ सालीं काढला, तो भिंतीवरच्या शोभिवंत कागदांवरून नव्हे. कापडी रुमालांत बांधलेल्या, कोणीं न सजविलेल्या गठ्ठ्यांनींच या प्रांताचा इतिहास आम्हांस दिला.

'पेटींत ठेवलेलें पाहणार कोण? भिंतीवर असलें म्हणजे पोरांच्या नजरेस तरी पडतें', हा आक्षेप मला मनापासून पटतो. म्हणून भिंत रिकामी ठेवा असें माझें म्हणणें नाहीं. भिंतीवर प्रत लावा. आज कागदाच्या दोन्ही बाजूंची हुबेहूब प्रत अल्प खर्चांत निघते. तिला हवें तर लॅमिनेशन करा, हार घाला, उन्हांत टांगा. राज्यघटनेची मूळ हस्तलिखित प्रत संसदेच्या ग्रंथालयांत प्राणवायु वर्ज्य केलेल्या पेटींत आहे, आणि देश तिच्या छापील प्रतींवर चालतो. त्यानें तिचा मान उणावला नाहीं. घरीं तसली पेटी नको. आम्लविरहित कागदाचें पाकीट, कोरडें कपाट, आणि छायाचित्राच्या पाठीमागें मऊ शिसपेन्सिलीनें लिहिलेलीं नांवें एवढें पुरे. नांवें मात्र आजच लिहावीं. तीं सांगणारीं माणसें झपाट्यानें कमी होत आहेत.

गेल्या महिन्यांत आजोबांचें एक छायाचित्र घेऊन मी पुन्हा त्याच दुकानीं गेलों. "लॅमिनेशनच ना, काका?" दुकानदारानें विचारलें. मीं खिडकीचा पुठ्ठा, कांचेपासून अंतर, कडा न छाटणें, डिंक न लावणें हें सारें सांगितलें, आणि ज्याची चौकट करावयाची ती केवळ प्रत आहे, तींतही हात बसावा म्हणून एवढा खटाटोप, हेंही सांगितलें. तो हंसला. मग मापाची पट्टी हातांत घेऊन म्हणाला, "असंही करून देतां येतं हो. पण आजपर्यंत कोणी मागितलंच नाहीं."