पेशीतील कॅल्शियम आणि आपली भस्मे

प्रवाळ, शंख, मौक्तिक, कुक्कुटाण्डत्वक् यांच्या भस्मांना ‘नैसर्गिक कॅल्शियम’ म्हणण्याचा प्रघात आपल्यात रूढ आहे. कॅल्शियमचा जनुकांशी संबंध असल्याचे वाचनात आल्यावर ‘आमचे भस्म जनुके जागृत करते’ असे माहितीपत्रकात छापण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. हा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मूळ विषय विलक्षण आहे. विश्रामावस्थेतील पेशीच्या आत मुक्त कॅल्शियम बाहेरच्या मानाने सुमारे दहा हजारावा भाग असते. संदेश येताच पेशीतील साठे व आवरणावरील मार्ग उघडतात आणि ही पातळी अल्पकाळ वाढते. टी-लसिकापेशीत हे कॅल्शियम कॅल्मोड्युलिनशी संयोग पावून कॅल्सिन्यूरिन या विकरास कार्यान्वित करते. ते विकर ‘एनफॅट’ प्रथिनावरील फॉस्फेट काढते. एनफॅट केंद्रकात शिरते आणि इंटरल्युकिन-२ च्या जनुकाचे प्रतिलेखन होते. बी-लसिकापेशींवरील १९९७ च्या संशोधनात असे दिसले, की कमी पण टिकून राहिलेली वाढ एनफॅटला चालना देते, तर मोठी पण क्षणिक वाढ ‘एनएफ-कप्पा-बी’ला. म्हणजेच संदेश केवळ कॅल्शियमच्या असण्यात नाही. तो त्याच्या प्रमाणात, काळात व लयीत आहे.

पोटात घेतलेल्या कॅल्शियमने ही लय बदलते, असे यावरून मुळीच सिद्ध होत नाही. रक्तातील पातळी परावटु ग्रंथीचा स्राव व ड जीवनसत्त्व अरुंद मर्यादेत राखतात; पेशीच्या आतील पातळी पेशी स्वतः सांभाळते. आपल्या भस्मांना शास्त्रोक्त गुणकर्मांचा व चिकित्सानुभवाचा स्वतःचा आधार आहे. उसन्या परिभाषेने तो बळकट होत नाही, उलट संशयास्पद ठरतो.

या ज्ञानाचा खरा उपयोग चिकित्सालयात आहे. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेले रुग्ण सायक्लोस्पोरीन किंवा टॅक्रोलिमस घेतात. ही औषधे कॅल्सिन्यूरिनलाच रोखतात, म्हणून शरीर नवा अवयव नाकारत नाही. अशा रुग्णास अशक्तपणासाठी व्याधिक्षमत्व वाढविणारे रसायन सहज देणे धोक्याचे ठरू शकते. वैद्यांनी चालू औषधे विचारल्याखेरीज व प्रत्यारोपण तज्ज्ञांशी बोलल्याखेरीज कल्प योजू नये; औषधनिर्मात्यांनी तशी सूचना वेष्टनावर ठळकपणे छापावी.

आधुनिक शास्त्राचा अभ्यास आपण अवश्य करावा. परंतु तो जाहिरातीसाठी नव्हे, रुग्णाच्या रक्षणासाठी असावा.