दुधाचे दात कुणाच्या खात्यावर?

“दुधाचेच दात ते, पडणारच आहेत. त्यासाठी कशाला डॉक्टरकडे पळायचं?” परवा जिन्यात शेजारच्या आजी सुनेला सांगत होत्या. सुनेच्या कडेवर साडेचार वर्षांचा मुलगा, एक गाल टम्म सुजलेला. दोन रात्री घरात कुणाचाच डोळ्याला डोळा लागला नव्हता. शेवटी ती गेलीच डॉक्टरकडे. दोन दाढांचं रूट कॅनल, वर टोप्या, चार-पाच खेपा आणि महिन्याचं बजेट कोलमडेल एवढं बिल. संध्याकाळी त्याच आजी म्हणाल्या, “आईचंच लक्ष नाही, दुसरं काय!”

मैत्रिणींनो, ही दोन वाक्यं आपण किती घरांत ऐकतो! दुखेपर्यंत मुलाचे दात कुणाच्या खिजगणतीत नसतात आणि दुखायला लागले की तो एकट्या आईचा गुन्हा होतो. दोन्ही वाक्यं चुकीची आहेत आणि दोन्हींची किंमत मूल मोजतं.

आधी पहिलं वाक्य घेऊ. दुधाचे वीस दात साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत येतात. पुढचे दात सहा-सातव्या वर्षी पडतात हे खरं, पण मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे चौथ्या वर्षी किडलेली दाढ मुलाला अजून सहा-सात वर्षं वापरायची असते. ती अवेळी काढावी लागली तर शेजारचे दात रिकाम्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला जागाच पुरत नाही. पुढे दातांना तारा लावायची वेळ अनेकदा यातूनच येते. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणींना ठाऊक नसते. सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे एक दाढ गुपचूप येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून ती दुधाचीच वाटते. प्रत्यक्षात ती कायमची असते, जन्मभर पुरवायची. ‘पडणारच आहे’ म्हणताना आपण तिच्याकडेही काणाडोळा करतो.

हे काही एका घरातलं दुखणं नाही. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या देशव्यापी पाहणीत पाच वर्षांच्या साधारण निम्म्या मुलांचे दात किडलेले आढळले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगभरात ५१ कोटींहून अधिक मुलांच्या दुधाच्या दातांना कीड लागलेली आहे. एवढ्या सगळ्या आयांचं लक्ष नव्हतं, असं म्हणायचं का?

इथं दुसरं वाक्य येतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. टूथपेस्ट आणि टूथब्रशवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. चांगलंच झालं. पण त्याच दिवशी चॉकलेट, बिस्किटं, केक आणि आइस्क्रीम यांच्यावरचा करही १८ वरून ५ वर आला. घरखर्च हलका व्हावा हा हेतू असेल, त्याबद्दल तक्रार नाही. पण दात राखणारी वस्तू आणि दात किडवणारी वस्तू एकाच दराच्या खान्यात बसल्या. आता त्या दोन्हींमधून निवड करायची ती आईनं, तीही दुकानात हात ओढणाऱ्या पोराला सोबत घेऊन!

साखरेचं गणित आपल्याला वाटतं तसं नसतं. किती खाल्लं यापेक्षा कितीदा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं. गोड पोटात गेलं की तोंडातले जंतू त्याचं आम्ल करतात आणि पुढचा सुमारे अर्धा तास ते आम्ल दाताच्या वरच्या थराला पोखरत असतं. लाळ हळूहळू त्याची भरपाई करते. पण दर तासाला एक बिस्किट, एक गोळी, दोन घोट सरबत चालू राहिलं तर लाळेनं सावरायचं कधी? झोपेत तर लाळ कमीच होते. म्हणून गोड दुधाची बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या बाळाचे वरचे पुढचे दात सगळ्यात आधी काळे पडतात.

पुन्हा बाजार गोड पदार्थ ‘पौष्टिक’ म्हणून विकतो. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन दुकानांना बोर्नव्हिटासारखी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या विभागातून काढायला सांगितलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही. तोवर आपण वर्षानुवर्षं ते चमचे दुधात ढवळत होतो, तेही काळजीपोटी. मे २०२५ मध्ये सीबीएसईनं आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले. कुठल्या खाऊत किती साखर, हे मुलांना भिंतीवरच दिसावं म्हणून. कल्पना छान आहे. पण ती मंडळाच्या शाळांपुरतीच आणि वाचता येणाऱ्या मुलांसाठीच. दात मात्र वाचता येण्याआधीच किडलेले असतात.

मग सरकारकडे काहीच नाही का? आहे, आणि त्याची सुरुवात आपल्याकडेच झाली. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतल्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी व्हायची असते. तपासायच्या ३० दुखण्यांच्या यादीत दातांचे विकारही आहेत. पुढच्या उपचारांची सोयही मोफत असते. पण पथक येऊन गेल्यावर वजन-उंची विचारणाऱ्या आपण दातांबद्दल काय लिहिलं, हे विचारतो का? पुढच्या वेळी जरूर विचारा. पालकसभेत विचारा, अंगणवाडीताईंना विचारा. खासगी शाळेत मूल असेल तर वर्षातून एकदा दंततपासणी ठेवा म्हणून मागणी करा. आणि वाढदिवसाला वर्गभर चॉकलेटं वाटण्याऐवजी पेन्सिली चालतील का, हेही.

घरातलं कामही अवघड नाही, फक्त ते वाटून घ्यायला हवं. पहिला दात दिसला की घासायला सुरुवात करायची. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, त्यानंतर वाटाण्याएवढी. (यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या पाण्यात मुळातच फ्लोराइड जास्त असतं. तिथं आधी डॉक्टरांना विचारा.) जेवणानंतर चूळ भरायची आपली रीत उत्तम आहे, पण रात्री दात घासायची रीत मात्र आपल्या घरांत अजून रुजलेली नाही. ती लावावी लागेल. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हातून ब्रश नीट फिरत नाही, तेव्हा शेवटचा हात मोठ्यांचाच हवा. महिन्यातून एकदा त्याचा वरचा ओठ उचलून बघा. हिरडीजवळ खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची पहिली खूण. या टप्प्यावर दात बरेचदा सावरता येतो. काळा खड्डा पडला की खर्च सुरू. पहिली तपासणी पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हावी, गाल सुजल्यावर नव्हे.

आमच्या शेजारी आता रात्रीचा ब्रश बाबांच्या हाती आला आहे. आजी दुपारी गोळी देण्याऐवजी पेरूची फोड देतात. सुनेच्या अंगावरचं एक काम कमी झालं आणि मुख्य म्हणजे एक आरोपही. मूल घरातल्या सगळ्यांचं असतं, तसे त्याचे दातही. आज रात्री तुमच्या घरी ब्रश कुणाच्या हातात असेल?