क्विट म्हणजे पळून जाणं नव्हे

'क्विट' हा शब्द आपल्या आयटीवाल्यांच्या रोजच्या वापरातला. व्हीआय एडिटरमधून बाहेर पडायला कोलन-क्यू मारतो, त्यातला क्यू तो हाच. प्रोग्रॅम क्विट झाला तर कुणाला काही वाटत नाही. पण माणसाने पेपर टाकले की लगेच सुरू: "प्रेशर झेपलं नाही वाटतं!" क्विट करणारा म्हणजे पळपुटा, असं एक समीकरणच होऊन बसलंय.

मला काही हे पटत नाही. आणि गंमत म्हणजे खुद्द शब्दालाही ते मान्य नाही. लॅटिनमध्ये 'क्वायेटस' म्हणजे शांत, निवांत. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये 'देण्यातून मोकळा झालेला' अशा अर्थाचा शब्द तयार झाला आणि तिथून तो इंग्रजीत आला. शांत या अर्थाचा 'क्वायट' आणि निर्दोष सोडण्याचा 'अ‍ॅक्विट' ही त्याचीच भावंडं. इंग्लंडच्या सरकारी खजिन्यात कुणाचा हिशेब चुकता झाला की 'क्वायेटस एस्ट' असा शेरा मारत. म्हणजे, हा आता मोकळा. 'सोडून जाणे' हा अर्थ बऱ्याच नंतरचा.

आपल्याकडेही असाच एक शब्द आहे, फारकत. आज तो बहुतेक घटस्फोटापुरता उरलाय. पण मूळ अरबी 'फारिग' म्हणजे मोकळा आणि 'खत' म्हणजे लिखित कागद. देणं फिटलं किंवा भागीदारी मोडली की लिहून द्यायची ती फारखत. आपलं रिलीव्हिंग लेटर म्हणजे तरी दुसरं काय?

म्हणून माझं म्हणणं एवढंच की, नोटीस पिरियड नीट भरला, हँडओव्हर व्यवस्थित दिला, की कुणी कुणाचं देणं लागत नाही. मग मॅनेजरने निष्ठेच्या गोष्टी सांगू नयेत आणि एचआरने लेटर अडवून ठेवू नये. फारखत अडवणारा सावकार आणि हे, यात फरक काय?

२०२२ मध्ये 'क्वायट क्विटिंग'ची टूम निघाली होती. नेमून दिलेलं तेवढंच काम करायचं, मन केव्हाच बाहेर. मुळात जाऊन पाहिलं तर एकाच शब्दाची दोन रूपं शेजारी शेजारी! पण त्यात ना शांतता, ना मोकळीक. नुसतंच कुढत बसण्यापेक्षा हिशेब चुकता करून सरळ निघावं, हे बरं. असो. तुम्हाला काय वाटतं?