पगार कामावर ठरवा, जुन्या स्लिपवर नको



सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या मुलाखती फार अवघड असतात, अशी ओरड नेहमी ऐकू येते. माझी तक्रार त्याबद्दल नाही. पुण्यातल्या एका कंपनीत नुकतीच मुलाखत दिली. तांत्रिक फेरीत स्क्रीन शेअर करून एलआरयू कॅशे लिहायला सांगितला. तो चालल्यावर समोरच्या बाईंनी विचारले, ‘आता दोन थ्रेड एकदम आले तर?’ या कॅशेत नुसते वाचले तरी आतला क्रम बदलतो, म्हणजे वाचतानाही लॉक हवे; मग वेग राखायचा कसा, यावर आमची चांगलीच जुंपली. असे प्रश्न विचारले की उमेदवार किती पाण्यात आहे ते बरोबर कळते.

त्यानंतर एचआरचा फोन. ‘करंट सीटीसी? शेवटच्या तीन सॅलरी स्लिप पाठवा.’ मी या जागेचे बजेट विचारले. ‘ते कॉन्फिडेन्शिअल असतं, सर.’ सध्याच्या पगारावर तीस टक्क्यांहून जास्त हाइक देत नाहीत, हे मात्र लगेच सांगितले.

मग फेऱ्या घेतल्या कशासाठी? आकडा माझ्या जुन्या स्लिपवरूनच काढायचा होता. आणि ती स्लिप म्हणजे तरी काय? सोलापूरच्या कॉलेजातून कॅम्पसवर निघालेल्या आमच्या बॅचला सरसकट साडेतीन लाखांच्या आतबाहेरचे पॅकेज मिळाले. बड्या शहरातल्या नामांकित संस्थेतला मुलगा दुपटी-तिपटीवर सुरू झाला. पुढची प्रत्येक नोकरी टक्केवारीने मोजली, की ती दरी आपोआप रुंदावत जाते. बाळंतपणानंतर दोन वर्षांनी परतणाऱ्या मैत्रिणींची गत तर याहून वाईट. समान कामाला स्त्री-पुरुषांना समान वेतन, हा कायदा आपल्याकडे 1976 पासून आहे! मार्केट यार्डात शेतकऱ्याला कोणी विचारते का, गेल्या साली कांदा काय भावाने विकलास म्हणून?

कंपन्या म्हणतात, उमेदवार थापा मारतात, एक ऑफर दाखवून दुसरी मिळवतात. काही मारतातही. पण अनुभव पडताळायला रिलिव्हिंग लेटर आहे, पीएफच्या यूएएनवर नोकऱ्यांची नोंद आहे. त्यासाठी पगाराचा आकडा लागत नाही. करकपातीसाठी आधीचे उत्पन्न कळवायचे, तर रुजू झाल्यावर त्यासाठीचा फॉर्म देता येतो. शिवाय नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड लावून उमेदवाराला ऑफर गोळा करायला वेळ कोण देते? याच कंपन्या.

बाहेर हा प्रश्न कायद्याने सोडवला जातो आहे. कॅलिफोर्नियात 2018 पासून उमेदवाराला आधीचा पगार विचारता येत नाही. कोलोरॅडोत 2021 पासून जाहिरातीतच पगाराची मर्यादा द्यावी लागते. युरोपीय संघाच्या 2023 च्या निर्देशात या दोन्ही गोष्टी आहेत. फक्त तिथे पगार जाहिरातीत किंवा मुलाखतीपूर्वी सांगायचा आहे. इथल्या कित्येक कंपन्यांचे ग्राहक याच देशांतले. तिथला नियम त्या निमूट पाळतात. हिंजवडीत तोच जड जातो.

देशव्यापी कायद्याला वेळ लागेल. पण महाराष्ट्राच्या 2023 च्या आयटी धोरणात मुद्रांक शुल्क, वीज शुल्क अशा सवलती आहेत. त्या घेणाऱ्या कंपनीने प्रत्येक जाहिरातीत पगाराची किमान-कमाल मर्यादा छापावी आणि जुनी स्लिप मागू नये, एवढी अट राज्य सरकारला घालता येईल.

– एक संगणक अभियंता, पुणे