हात मोकळे, मेंदू मात्र गुंतलेला

टेंभुर्णी (जि. जालना) : कानात इअरफोन अडकवून बोलत जाणारा दुचाकीस्वार हे दृश्य आता महानगरांपुरते उरलेले नाही. जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णीसारख्या गावाच्या रस्त्यावरही ते सवयीचे झाले आहे. हात मोकळे आहेत, नजर रस्त्यावर आहे, मग धोका कसला, असा या चालकांचा समज असतो. मेंदूविज्ञान मात्र या समजाला दुजोरा देत नाही.

मेंदू एकाच वेळी दोन अवधानाची कामे करीत नाही. तो एकावरून दुसऱ्यावर वेगाने उडी मारतो आणि प्रत्येक उडीत काही क्षण निसटतात. अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या डेव्हिड स्ट्रेअर यांनी २००१ मध्ये कृत्रिम वाहनचालनाचे प्रयोग केले. फोनवर बोलणाऱ्यांकडून सिग्नल दुर्लक्षित होण्याचे प्रमाण दुपटीवर गेले. फोन हातात असो वा नसो, त्यात फरक आढळला नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या २००८ मधील अभ्यासात तर चालकांना केवळ वाक्ये ऐकविण्यात आली. तेवढ्यानेही वाहन चालविण्याशी निगडित असलेल्या, मेंदूच्या पार्श्विक भागातील क्रियाशीलता ३७ टक्क्यांनी घटली. डोळे पाहत राहतात. मेंदू नोंद घेत नाही.

शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणे त्या मानाने कमी घातक ठरते. समोर बैलगाडी वा वळण आले की तो आपसूक गप्प होतो, प्रसंगी सावधही करतो. फोनच्या पलीकडच्या माणसाला रस्ता दिसत नाही.

कायद्याची मर्यादा येथेच उघड होते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने हातात धरलेल्या उपकरणाचा वापर धोकादायक वाहनचालनात गणला. म्हणजे कायदा हात पाहतो. दोष मात्र अवधानाचा आहे. पोलिसाला कानाजवळचा फोन दिसतो, भरकटलेले मन दिसत नाही.

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन दोन सेकंदांत सुमारे ४४ मीटर अंतर कापते. जालना जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मुभा आहे. तेथे हेच अंतर ६७ मीटरवर जाते. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांनी १ लाख ६८ हजार ४९१ बळी घेतले. त्यांतील किती जणांचा घात दुभंगलेल्या अवधानाने केला, हे पंचनाम्यातून क्वचितच उमगते. त्यामुळे दंडाची पावती पुरेशी नाही. वाजणारा फोन गाडी कडेला थांबवूनच घ्यावा, हा नियम चालकाने स्वतःच स्वतःला घालून घेणे, हाच तूर्त खात्रीचा उपाय आहे.