दोन कान असूनही

गेले दोन महिने आमच्या घरात एक जपानी पुस्तक नुसतं फिरत होतं. कधी ओट्यावर डब्यांच्या शेजारी, कधी मी वह्या तपासते त्या टेबलावर, एकदा तर चक्क माझ्या उशाशी. ठेवणारी अर्थात आमची तेरा वर्षांची लेक. "आई, वाच ना गं, एकच भाग." मी आपली म्हणायची, "हो गं, कुकर होऊ दे." कुकर झाला की पोळ्या, पोळ्या झाल्या की वह्या. शेवटी एका रविवारी दुपारी उघडलं, तर तेही उलट्या बाजूनं! जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा, उजवीकडून डावीकडे वाचायची असते, हे लेकीनंच हसत सांगितलं.

त्या पुस्तकाबद्दल शेवटी बोलू. आधी त्या निमित्तानं मी शिकले तो एक शब्द सांगते. या मांगांमध्ये आणि त्यांवरून काढलेल्या चित्रपट-मालिकांमध्ये, म्हणजे अ‍ॅनिमेमध्ये, एक पात्र हटकून असतं. समोरचं माणूस जीव टाकतंय, अख्ख्या शाळेला ते कळलंय, आणि ज्याला कळायला हवं तो मात्र ढिम्म! अशा माणसाला जपानीत म्हणतात 'दोनकान'. त्यातल्या 'दोन'चा अर्थ बोथट आणि 'कान'चा अर्थ जाणीव. पण मराठी कानाला कसा चपखल बसतो पाहा! दोन कान असून ऐकू न येणारा.

आता तुम्ही म्हणाल, मठ्ठ तो मठ्ठ, त्यात काय सांगायचं? मलाही तसंच वाटलं होतं. पण लेकीनं एकेक गोष्ट ऐकवली, काही मी तिच्याबरोबर बसून पाहिल्या, तेव्हा लक्षात आलं की या न कळण्यालाही जाती आहेत.

पहिला भोळा सांब. 'ड्रॅगन बॉल' ही अकिरा तोरियामांची मांगा १९८४ ते १९९५ या काळात चालली. तिचा नायक गोकू डोंगरात वाढलेला. चीची नावाची मुलगी लहानपणी त्याच्याकडून लग्नाचं वचन घेते. हा पठ्ठ्या 'हो' म्हणतो, कारण त्याला वाटतं, नवरी म्हणजे काहीतरी खायचा पदार्थ! मोठेपणी ती कुस्तीच्या आखाड्यात त्याच्यासमोर उभी राहून वचनाची आठवण देते, आणि तो तिथंच लग्नाला तयार होतो. याच्या मनात खोट नाही. त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

दुसरा कामात बुडालेला. इझुमी त्सुबाकींच्या 'गेक्कान शोजो नोझाकी-कुन'मध्ये (२०११ पासून) चियो धीर करून नोझाकीला मनातलं सांगायला जाते. घाबरून तिच्या तोंडून भलतंच निघतं, "मी तुमची चाहती आहे." तो शांतपणे स्वाक्षरी करून देतो! कारण हा शाळकरी मुलगा टोपणनावानं मुलींसाठी प्रेमकथा काढत असतो. पुढं ती त्याच्या घरी जाते, तर तो तिला आपल्या चित्रांमधला काळा रंग भरायला बसवतो. प्रेमावर पानंच्या पानं काढणाऱ्याला शेजारी बसलेली मुलगी दिसत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तिसरा स्वतःलाच न ओळखणारा. बिस्को हातोरींच्या 'ओरान हायस्कूल होस्ट क्लब'मधली (२००२ ते २०१०) हारुही ही शिष्यवृत्तीवर श्रीमंतांच्या शाळेत आलेली मुलगी. तिच्या हातून ८० लाख येनांची फुलदाणी फुटते आणि ते कर्ज फेडायला तिला तिथल्या मुलांच्या मंडळात राबावं लागतं. मंडळाचा म्होरक्या तामाकी तिच्यासाठी कासावीस होतो आणि वर स्वतःची समजूत घालतो, की ही तर माझी वडिलांची माया! सगळ्यांना कळतं, त्याला कळत नाही. मला विचाराल तर थोडं कळतही असावं. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही.

लेखकांना हे पात्र इतकं का आवडतं? एक कारण उघड आहे. साप्ताहिकात नि मासिकात वर्षानुवर्षं चालणारी गोष्ट. नायकाला पहिल्याच अंकात कळलं, तर पुढं छापायचं काय? दुसरं कारण तिथल्या रीतीत आहे. जपानी मुलामुलींत 'मला तू आवडतेस' असं समोरासमोर सांगायला 'कोकुहाकु' म्हणतात, आणि बहुतेकदा तिथूनच सोबत सुरू झाली असं मानतात. त्याआधी सगळा अंदाजाचा मामला. त्यात 'सुकी' हा शब्द आंबा आवडतो यालाही चालतो आणि माणूस आवडतं यालाही. मग घोटाळा न झाला तरच नवल!

मैत्रिणींनो, हसू येतं हे खरं. पण गोष्टीतल्या नोझाकीचं न कळणं गोड वाटतं, कारण पान उलटलं की चियो पुन्हा हसतमुख. आपल्या घरात 'त्यांना ना, काही कळतच नाही' असं आपण कौतुकानं म्हणतो, तेव्हा त्या न कळण्याचा भार कोणीतरी रोज उचलत असतं. लेकीला मी हे सांगितलं. जो कळून घेत नाही, त्याची वाट पाहत बसू नकोस बाई, असंही सांगितलं. मोठ्या शहाणपणानं सांगितलं.

आणि मग ते पुस्तक वाचलं.

कारुहो शीइनांचं 'किमी नी तोदोके', २००६ ते २०१७ या काळात मासिकात आलेलं. नायिका सावाको. लांब काळे केस, अबोल, म्हणून वर्गातली मुलं तिला भुताच्या सिनेमातल्या सादाकोच्या नावानं हाक मारतात आणि चार हात लांब राहतात. काझेहाया नावाचा सगळ्यांचा लाडका मुलगा तिच्याशी मनापासून बोलतो. तिला वाटतं, तो सगळ्यांशीच चांगला वागतो, माझ्यात काय आहे? यानो आणि योशिदा तिच्या शेजारी येऊन बसतात, तरी आपण यांची मैत्रीण आहोत असं स्वतःला म्हणवून घ्यायला ती धजत नाही. पुढं एका १४ फेब्रुवारीला, ज्या दिवशी तिकडं मुली मुलांना चॉकलेट देतात, ती काझेहायासाठी मनापासून बनवते. इतरांना देते, आणि त्यालाच द्यायचं राहून जातं.

ही चौथी जात. हिचे कान बोथट नाहीत. आपल्याशी कोणी प्रेमानं बोलेल, ही आशाच तिनं सोडून दिलेली आहे.

सावाकोच्या बाजूला कोणी बसत नाही, त्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. आमच्या लेकीला पुस्तकं दुमडलेली मुळीच खपत नाहीत. मी तशीच बसून राहिले. जूनमध्ये आम्ही तिची शाळा बदलली होती.

संध्याकाळी भाजी निवडताना विचारलं, "तुझ्या बाकावर कोण बसतं गं?" ती मेथीची पानं खुडत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "कोणी नाही."

शाळेत मागच्या बाकावरचं गप्प मूल मी पहिल्या आठवड्यात हेरते, असा मला अभिमान! आणि घरात दोन महिने पोरगी माझ्या उशाशी पुस्तक ठेवत होती, मी म्हणत होते, कुकर होऊ दे. तेव्हा मैत्रिणींनो, या यादीत पाचवी मीच.

अजून सगळं सुरळीत झालेलं नाही. वर्गशिक्षिकांना भेटून आले आहे. रोज रात्री आम्ही दोघी एक भाग वाचतो, ह्यांनाही शेजारी बसवतो. मधेच थांबून ती शाळेतलं काहीबाही सांगते. मी उपदेश करत नाही, ऐकते.

तुमच्या घरातही एखादं पुस्तक, एखादं गाणं, एखादी मालिका कोणी पुन्हा पुन्हा पुढं करत असेल. "काय ते कार्टून!" म्हणून बाजूला सारू नका. त्यातलं कोण आवडतं आणि का, एवढं तरी विचारा. कुकर थांबतो हो पाच मिनिटं.