गोफण आणि तोफ

आमच्या सुप्याकडे जोंधळा हुरड्यात आला, की माळ्यावर गोफण घेऊन राखणदार उभा राहतो. पाखरांचा थवा उडाला, तर जाणता राखणदार थव्यावर दगड फेकीत नाही. दगड पोचेल तेव्हा थवा जिथे असेल, तिथे फेकतो. युद्धनौकेवरील तोफांचे शास्त्रही हेच, असे म्हटले तर वाचकांनी हसू नये!

विसाव्या शतकाच्या आरंभी चिलखती क्रूझरांच्या तोफा सहा-सहा मैलांवर मारा करू लागल्या. गोळा वीसेक सेकंद हवेत. तेवढ्यात शत्रूचे जहाज दोनशे यार्ड पुढे! त्यात आपले डेक सारखे हेलकावणारे. प्रत्येक गोलंदाजाने आपापला नेम धरण्याचे दिवस संपत आले. १ नोव्हेंबर १९१४ रोजी चिलीजवळ कोरोनेलच्या लढाईत 'गुड होप' आणि 'मॉनमथ' या जुन्या ब्रिटिश क्रूझर मावळतीच्या उजेडापुढे ठळक दिसत होत्या. जर्मन जहाजे अंधारात मिसळली होती. दोन्ही बुडाल्या. सुमारे १६०० माणसांपैकी एकही वाचला नाही.

उपाय निघाला होता, पण सर्व जहाजांवर पोचला नव्हता. उंच मनोऱ्यातून शत्रूचे अंतर, दिशा व वेग टिपायचा. डेकखालच्या गणितयंत्राने वारा आणि गोळ्याचा प्रवासकाळ हिशेबात घ्यायचा. उत्तर विजेच्या काट्यांनी तोफांपर्यंत पोचवायचे आणि साऱ्या तोफा एकदम उडवायच्या. पाण्याचे फवारे अलीकडे उठले की पलीकडे, हे पाहून पुन्हा दुरुस्ती.

हीच व्यवस्था पुढे आपल्या 'दिल्ली'वर होती. १९४८ साली भारतीय नौदलात आलेली ही क्रूझर मूळची 'अकिलीस'. १३ डिसेंबर १९३९ रोजी प्लेट नदीच्या मुखाजवळ 'ग्राफ श्पे'शी झुंजताना एक गोळा जवळच पाण्यात फुटला. त्याचे तुकडे नेमक्या त्या मनोऱ्यात घुसले. आतले चौघे ठार झाले. तोफखान्याचा अधिकारी वॉशबोर्न जखमी. सार्जंट ट्रिंबल तर गंभीर जखमा अंगावर घेऊन, तक्रारीचा शब्द न काढता, लढाई संपेपर्यंत जागेवर उभा राहिला. तोफा बोलतच राहिल्या.

१९५६ च्या इंग्रजी चित्रपटात 'दिल्ली'ने स्वतःचीच जुनी भूमिका केली. १९७८ साली ती मुंबईत निवृत्त होऊन मोडीत निघाली. तिच्या तोफांचा एक बुरूज भारताने न्यूझीलंडला भेट दिला. तो ऑकलंडच्या नौदल तळावर आहे. पाहणारे तोफांपुढे थबकत असतील. त्यांनी मनोऱ्यातल्या त्या चौघांचीही आठवण करावी. गोफणीचा दगड साऱ्या शिवाराला दिसतो. माळ्यावर दिवसभर ताणलेले डोळे कोण पाहतो?